गाडी आली म्हणजे नक्की काय आलं?

या वेळी आलेल्या प्रश्नांत रॅक, पिकिंग, स्टॉक वगैरे वेअरहाऊसच्या आतलं जवळजवळ काहीच नव्हतं, सगळे प्रश्न बाहेर उभे होते, गेटवर, यार्डात म्हणजे गाड्या उभ्या राहतात त्या आवारात, डॉकच्या म्हणजे माल चढतो-उतरतो त्या दाराच्या तोंडाशी. म्हणून आख्खं सदर त्यालाच देऊन टाकलं. मी स्वतः आधी गेटच्या केबिनमध्ये बसून वहीत नोंदी केल्यात आणि नंतर त्याच नोंदींचं सॉफ्टवेअर लिहिलंय, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्यात, त्या हिशोबाने वाचा.

प्रश्न : ताई, आमची चार जणांची टीम एका वेअरहाऊससाठी यार्ड मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर बनवतेय. डेटाबेसमध्ये 'गाड्या' नावाचं एकच टेबल आहे, त्यात नंबर, ड्रायव्हर, माल, डॉक, स्टेटस असं सगळं. सहा महिने मस्त चाललं. आता क्लायंटने ड्रॉप ट्रेलर सुरू केले आणि तेव्हापासून एकच गाडी बाहेर गेलेलीही दिसते आणि डॉकवर लागलेलीही. कुठे चुकलं? — वैतागलेला डेव्हलपर

टेबल नंतर चुकलं, आधी शब्द चुकला. आपण गाडी आली, गाडी लागली, गाडी सुटली असं म्हणतो आणि दर वेळी वेगळ्याच वस्तूबद्दल बोलत असतो. गेटवाल्याची गाडी म्हणजे समोर हॉर्न मारत उभा असलेला ट्रॅक्टर (शेतातला नव्हे, ट्रेलर ओढणारं पुढचं इंजिनाचं डोकं) आणि त्यातला ड्रायव्हर. यार्डवाल्याची गाडी म्हणजे मागचा ट्रेलर, कारण त्यालाच जागा शोधायची असते. डॉकवरच्या माणसाला ट्रेलरशी फारसं घेणंदेणं नाही, त्याची गाडी म्हणजे आतला माल. आणि ऑफिसात बसलेल्यांची गाडी म्हणजे स्क्रीनवरची अपॉइंटमेंट, जी कधीकधी अजून शंभर किलोमीटर लांब असते. गाडी येते, खाली होते आणि त्याच जोडीने परत जाते, म्हणजे लाइव्ह अनलोड, तेव्हा हे चारही अर्थ एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून तुमचं एक टेबल सहा महिने चाललं. ड्रॉपमध्ये ड्रायव्हर भरलेला ट्रेलर सोडतो, दुसरा रिकामा जोडतो आणि अर्ध्या तासात बाहेर. ट्रेलर तीन दिवस इथेच, त्यातला माल निम्मा उतरलेला, आणि तुमच्या टेबलात बिचारी एकच ओळ, ती काय काय सांगणार.

तर ट्रॅक्टर वेगळा, ट्रेलर वेगळा, कंटेनर असेल तर कंटेनर आणि त्याच्या खालची चाकांची चॅसी वेगळी, ड्रायव्हर वेगळा, शिपमेंट वेगळी, अपॉइंटमेंट वेगळी. आणि या सगळ्यांना बांधणारी एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात ती म्हणजे भेट, व्हिजिट म्हणा. ट्रॅक्टरची भेट गेट-इनला सुरू होते नि गेट-आऊटला संपते. ट्रेलरचा मुक्काम त्याहून वेगळा, तो एका भेटीत आत येतो आणि दुसऱ्याच कुणाच्या भेटीत बाहेर जातो. एका ट्रेलरमध्ये चार शिपमेंट असू शकतात, एक शिपमेंट दोन ट्रेलरमध्ये फुटू शकते. हे नातं पहिल्या दिवशी मांडलंत तर पुढचं सगळं सोपं. नंतर मांडायला गेलात तर जुना डेटा हलवताना रात्री जागवाल, मी जागवल्यात.

नंबरांबद्दल एक गंमत सांगते कारण ती फुकट मिळते आणि तरी लोक वापरत नाहीत. कंटेनरच्या नंबरात आयएसओ ६३४६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शेवटचा आकडा तपासणीचा असतो. उदाहरणार्थ सी-एस-क्यू-यू ३०५४३८-३. पहिली चार अक्षरं, मग सहा आकडे, मग तो एक तपास-आकडा. अक्षरांना किमती ठरलेल्या आहेत, ए ला १०, बी ला १२, असं ११ च्या पटीतले आकडे गाळत झेडला ३८. प्रत्येक जागेला १, २, ४, ८ असं दुप्पट करत शेवटी ५१२ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागून बाकी बघायची. वरच्या नंबराची बेरीज ६१८५ येते आणि बाकी ३, जुळलं. आता गेटवाल्याने घाईत ३०५ चं ३५० केलं तर बाकी ८ येते आणि स्क्रीन तिथल्या तिथे सांगू शकते की बाबा परत बघ. पाच ओळींचा कोड आहे. ट्रेलरच्या नंबरांना मात्र असं जगभर चालणारं काही कवच नाही, प्रत्येक मालक आपापला नंबर रंगवतो आणि दोन मालकांचे नंबर सारखे निघतात, त्यामुळे ट्रेलरची ओळख मालक अधिक नंबर अशीच धरा, नुसत्या नंबरावर विसंबू नका.

प्रश्न : मॅडम, आम्ही ट्रान्सपोर्टरला ऑनलाइन स्लॉट देतो, बुकिंग करतानाच डॉक नंबर ठरतो, उदा. सकाळी १० वाजता डॉक ७. कागदावर ८५-९० टक्के डॉक भरलेले दिसतात, मॅनेजमेंट खूश आहे. तरी यार्डात लाइन लागलेली आणि शेजारचा डॉक रिकामा असं रोज होतं. शिवाय कधीकधी एकाच डॉकवर दोन बुकिंग पडतात. — ऑपरेशन्समधून

हे दोन वेगळे आजार आहेत, आधी मोठा बघू.

डॉक इतक्या लवकर ठरवताच कशाला? बुकिंगच्या वेळी तुम्हाला माहीत काय असतं, तर तीन दिवसांनी साधारण दहा वाजता एक गाडी येईल असा कुणीतरी केलेला अंदाज. त्या अंदाजाला तुम्ही डॉक ७ अशी पक्की जागा दिलीत, मग सातवरची आधीची गाडी अडकली की दहावाली बसली वाट बघत आणि आठ रिकामा, कारण आठवर साडेदहाचं दुसरं कुणाचं तरी नाव आहे.

रांगांचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे, एर्लांग नावाच्या माणसाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत बसून १९०९ मध्ये त्याची सुरुवात केली, कॉल आणि लाइनी होत्या तिथे तुम्ही गाड्या आणि डॉक घाला. समजा एका डॉकला गाडी खाली करायला सरासरी एक तास लागतो, गाड्या केव्हाही येतात आणि उतरवायचा वेळही कमीजास्त होतो. डॉक ८० टक्के वेळ बिझी असेल तर गाडीला डॉक मिळण्याआधी सरासरी ४ तास थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ९ तास. ९५ ला १९ तास. टक्के पाच वाढले आणि थांबणं दुप्पट झालं, तेव्हा मॅनेजमेंट ज्या ९० टक्क्यांवर खूश आहे तीच तुमची लाइन आहे. आता तेच ८० टक्के घ्या पण दोन डॉकना मिळून एकच रांग ठेवा, जो रिकामा होईल तिथे पुढची गाडी, तर सरासरी थांबणं ४ तासांवरून पावणेदोन तासांवर येतं, म्हणजे एकही डॉक न बांधता, एकही माणूस न वाढवता. स्लॉट दिल्याने गाड्या जरा शिस्तीत येतात त्यामुळे तुमच्याकडे आकडे एवढे भयानक नसतील, पण वळण हेच.

म्हणून बुकिंगमध्ये डॉक नंबर नको, क्षमता विका. दहा ते अकरामध्ये सहा गाड्या, त्यातल्या दोनच थंड मालाच्या, एवढंच. डॉकचे गट करा, थंडवाले, कंटेनरवाले, छोट्या गाड्यांचे, आणि गाडी यार्डात आल्यावर, डॉक रिकामा होत आला की मग नंबर द्या. सेल्सवाले म्हणतील अमुक ग्राहकाला त्याचाच डॉक लागतो, खरंच लागत असेल तर तो त्याचा वेगळा गट, पण असे गट वाढत गेले की परत आहात तिथेच, हे त्यांना आकडे दाखवून सांगा.

आणि यार्डात जागा किती लागतील याला लिटलचा नियम, जॉन लिटलने १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली, तासाला सरासरी ६ गाड्या येत असतील आणि प्रत्येक सरासरी ३ तास आत राहत असेल तर कुठल्याही क्षणी सरासरी १८ गाड्या आत आहेत. बस. यात कुठलाही फॅन्सी अंदाज नाही. तुमच्याकडे जागा १५ असतील तर बाकीच्या रस्त्यावर उभ्या असणार, सॉफ्टवेअर कितीही चांगलं लिहा.

दुसरा आजार, डबल बुकिंग. तुमचा कोड आधी बघतो की जागा रिकामी आहे का आणि मग लिहितो, आणि त्या दोनच्या मध्ये दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं असतं. हे कोडमध्ये जपत बसू नका, डेटाबेसला सांगा. पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर एक्सक्लुजन कन्स्ट्रेंट २०१० च्या ९.० पासून आहे आणि वेळेच्या पट्ट्यासाठी रेंज टाइप २०१२ च्या ९.२ पासून, दोन्ही मिळून 'याच डॉकवर एकमेकांत घुसणाऱ्या दोन वेळा नकोत' हा नियम थेट टेबलावर बसतो. पट्टा सुरुवात धरून आणि शेवट सोडून ठेवा नाहीतर दहाला संपणारी आणि दहाला सुरू होणारी एकमेकींशी भांडतील, आणि रद्द झालेली बुकिंगं नियमातून वगळा, हे आम्ही विसरलो होतो आणि आठवडाभर रद्द स्लॉट कुणालाच मिळत नव्हते. तुम्ही क्षमता विकायला लागलात की बुकिंगचा नियम मोजणीचा होईल, तासाच्या ओळीला लॉक लावून मोजायचं, आणि हा पट्टेवाला नियम डॉकच्या प्लॅनला राहील.

फक्त एक, हा नियम प्लॅनलाच लावा, घडलेल्या गोष्टींना नको. डॉक ७ वर ट्रेलर उभा आहे असं माणूस तिथे उभं राहून सांगतोय आणि सिस्टीम म्हणतेय शक्य नाही, तिथे आधीच एक आहे, तर चूक जुन्या नोंदीत आहे, माणसात नाही. नोंद घ्या, लाल झेंडी लावा, नंतर सोडवा. नाही घेतली तर तो माणूस डॉक १० लिहील कारण सिस्टीम तेवढंच घेते आणि मग तुमच्याकडे दोन चुका.

प्रश्न : ट्रेलरवर जीपीएस बसवला तर यार्डातलं शोधाशोध संपेल ना? व्हेंडर तसं म्हणतोय.

व्हेंडर म्हणणारच. फोनमधला जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरच्या आसपास अचूक असतो, आणि ट्रेलर असतो जेमतेम अडीच मीटर रुंद. म्हणजे कुठल्या यार्डात आहे, कुठल्या कोपऱ्यात आहे हे नक्की कळेल, पण १४ नंबरला आहे की १५ ला हे नाही, त्यात आजूबाजूला लोखंडी डबे, सिग्नल आपटत येतात. वर ट्रेलरवरचं यंत्र बॅटरी वाचवायला झोपलेलं असतं, तासातासाने जागं होतं, तोवर यार्डातल्या ट्रॅक्टरवाल्याने तो ट्रेलर दोनदा हलवलेला असतो. पॅसिव्ह आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचायची चिठ्ठी, स्वस्त आणि बिनबॅटरीचा, पण तो काही मीटरवरूनच वाचता येतो, म्हणून टॅग ट्रेलरला नि रीडर गेटवर आणि यार्ड ट्रॅक्टरवर अशी जोडी बरी पडते. ट्रॅक्टर फिरता फिरता आजूबाजूचं वाचत जातो. पण माझं मत विचाराल तर यार्डातला ट्रेलर स्वतःहून हलत नाही, कुणीतरी हलवतो, तर हलवणाऱ्याला सोडल्याची नोंद एका बोटाने करता येते का हे आधी बघा, ते जमलं तर शोधाशोध बरीचशी तिथेच संपते.

प्रश्न : नमस्कार ताई. मी यार्ड सुपरवायझर आहे, वीस वर्षं. नवीन सॉफ्टवेअर आल्यापासून काम दुप्पट झालंय, आधी सिस्टीममध्ये भरा मग व्हाइटबोर्डवर लिहा. साहेब म्हणतात बोर्ड काढून टाका. माझी पोरं म्हणतात बोर्ड काढला तर आम्ही आंधळे. यातून मार्ग सांगा.

दादा, तुमच्या पत्रासाठीच खरं तर हा अंक. बोर्ड काढू नका. साहेबांना आणि सॉफ्टवेअरवाल्यांना सांगा की आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ बोर्डाचा फोटो काढा आणि त्यावर काय काय आहे जे सिस्टीममध्ये नाही त्याची यादी करा. आमच्या एका यार्डात बोर्डावर काही ट्रेलरच्या पुढे बारकी लाल फुली असायची. कुठल्याच मीटिंगमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. विचारलं तर कळलं, त्या ट्रेलरचे पाय (ट्रॅक्टर सुटल्यावर तो ज्यांवर उभा राहतो ते) नीट खाली येत नाहीत, म्हणून तो कच्च्या जागेत सोडायचा नाही. ही माहिती कुणाच्या तरी कंबरेच्या अनुभवातून आलेली आणि आमच्या सुंदर सॉफ्टवेअरमध्ये तिला जागाच नव्हती. मग आम्ही काय केलं, प्रत्येक ट्रेलरला 'अडचण' म्हणून एक चिठ्ठी चिकटवायची सोय दिली, पाय, दार, टायर, गळती, इतर, आणि फोटो. पंधरा दिवसांनी फुल्या बोर्डावरून आपोआप गेल्या, कुणी सांगितलं नाही.

आता डेव्हलपर मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी माझंच एक पाप. आमच्या पहिल्या आवृत्तीत गेट-इनला ट्रेलर नंबर भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. रात्र, पाऊस, नंबर चिखलाने भरलेला, मागे लाइन, गेटवाला बाहेर जाऊन पुसणार थोडाच. त्याने ९९९९ टाकलं. एकदा मी स्क्रीन उघडली तर यार्डात ९९९९ नंबरचे नऊ ट्रेलर उभे होते आणि रिपोर्ट मात्र शंभर टक्के भरलेला, एकही रकाना रिकामा नाही! त्या माणसाला खोटं बोलायला मी लावलं होतं, 'हा रकाना भरलाच पाहिजे' म्हणणाऱ्या माझ्या लाल चांदणीने. नंतर तिथे 'आत्ता दिसत नाही' असं मोठं बटण दिलं, सोबत फोटो, आणि यार्डात पहिल्यांदा जो कुणी त्या ट्रेलरपाशी जाईल त्याच्या कामात 'नंबर बघून घे' हे आपोआप जोडलं. डेटा अर्धवट दिसायला लागला, मॅनेजर चिडले, पण खरा झाला.

यार्ड चेकचंही तसंच. तुमची पोरं दर शिफ्टला फिरून कुठे काय उभं आहे बघतात ना, बहुतेक सॉफ्टवेअर त्यांना दाखवतं की जागा २२, इथे अमुक ट्रेलर असायला हवा, बरोबर का? मग माणूस काय करतो, बरोबर बरोबर बरोबर दाबत केबिनमध्येच बसतो. अपेक्षित नंबर दाखवूच नका. जागा दाखवा, नंबराचे शेवटचे चार आकडे टाकायला सांगा, जुळवायचं काम मशीनचं. आणि यादी चालण्याच्या क्रमाने लावा, नंबराच्या नाही, नाहीतर माणूस यार्डभर आडवातिडवा फिरेल किंवा अजिबात फिरणार नाही.

बाकी बटणं मोठी, हातमोजे घालून दाबता येतील अशी, भर उन्हात वाचता येतील असे काळ्यावर पांढरे किंवा उलट, फिकट राखाडी अक्षरं ही ऑफिसातल्यांची हौस आहे. स्टेटसची यादी चौदाची असेल तर लोक पहिलंच निवडतात, हेही बघितलंय. दोन कंटेनरांच्या मध्ये वायफाय मरतो, त्यामुळे टॅबलेटने नोंद आधी स्वतःकडे ठेवायची आणि नेटवर्क आलं की पाठवायची, आणि तीच नोंद दोनदा गेली तरी सर्व्हरवर एकदाच धरली जावी म्हणून प्रत्येक नोंदीला टॅबलेटवरच एक वेगळा आयडी द्यायचा. हे तुम्हाला नाही दादा, त्यांना सांगा.

प्रश्न : ड्रायव्हर म्हणतो मी ५ तास थांबलो, आमची सिस्टीम म्हणते २ तास १० मिनिटं. डिटेन्शनच्या, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या, बिलावर दर महिन्याला भांडण. खरं कोणाचं मानायचं?

दोघांचंही, दोघं वेगवेगळं घड्याळ बघतायत. ड्रायव्हरचं घड्याळ तो गेटबाहेरच्या लाइनीत लागला तिथून सुरू झालं आणि कागद हातात पडून बाहेर निघाला तिथे थांबलं. तुमचं बहुधा डॉकला लागल्यापासून माल उतरेपर्यंत. मध्ये काय काय असतं बघा: लाइनीत लागला, गेट-इन, यार्डात उभा, डॉकवर बोलावलं, डॉकला लागला, दार उघडलं, काम सुरू, काम संपलं, सही झाली, कागद दिला, सुटला, गेट-आऊट. हे सगळे वेगळे क्षण वेगळे जपा, आणि बिल कुठून कुठपर्यंत हे करारात क्षणाच्या नावाने लिहा. अमेरिकेत साधारण पहिले २ तास फुकट धरायची पद्धत आहे, पण २ तास कशापासून हे लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलंच.

प्रत्येक नोंदीला दोन वेळा लागतात, घडलं कधी आणि नोंदवलं कधी. कागद पाच वाजता दिला आणि नोंद सव्वासहाला झाली तर दोन्ही दिसू द्या, सव्वासहाचं पाच करून पुसून टाकू नका. चुकलेली नोंद खोडायची नाही, वर नवीन दुरुस्तीची नोंद टाकायची, कुणी केली आणि का यासकट. वेळ साठवताना यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, दाखवताना त्या यार्डाच्या घड्याळाने. जिथे वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे करतात तिथे एका रात्री एकच तास दोनदा येतो, आणि नेमकी त्याच रात्री कुठलीतरी गाडी उणे चाळीस मिनिटांत खाली झालेली दिसते. रात्रपाळीचा दिवस बारा वाजता बदलत नाही हेही रिपोर्टवाल्यांना सांगा, शिफ्टचा दिवस वेगळा ठेवा.

हे भांडण फक्त पैशाचं नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१८ च्या अहवालात अंदाज काढला होता की सरासरी थांबणं १५ मिनिटांनी वाढलं तर अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. थांबलेला वेळ पुढे रस्त्यावर भरून काढायचा प्रयत्न होतो, साधी गोष्ट आहे. आणि युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती कायद्याने लागते, तेव्हा डॉक रिकामा झाला म्हणून विश्रांतीवरच्या ड्रायव्हरला हलवता येईलच असं नाही, तुमच्या सॉफ्टवेअरला 'ड्रायव्हर विश्रांतीवर' ही अवस्था माहीत हवी, नाहीतर ते त्याला सारखं बोलावत बसेल आणि उत्तर आलं नाही की गैरहजर लिहील.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून एआय वापरून डॉक असाइनमेंट करतोय, दर मिनिटाला सगळा प्लॅन नव्याने ऑप्टिमाइझ होतो. अजून काय टाकू म्हणजे इंप्रेसिव्ह वाटेल?

टाकू नको, काढ. आधी बघ की तुला एआय लागतंय का. या क्षणी रिकामे डॉक इतके, थांबलेल्या गाड्या इतक्या, कुणाला कुठे लावलं की एकूण त्रास कमीत कमी, हे सोडवायची हंगेरियन पद्धत हॅरल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडली, ती आजही चालते. अवघड होतं ते पुढच्या आठ तासांचा क्रम लावायला गेलास की, आणि तिथेही नुसते साधे नियम, आधी खराब होणारा माल, मग ज्याच्या मालावाचून आतली उत्पादनाची लाइन बंद पडणार आहे तो, मग जो जास्त थांबलाय तो, हे चांगल्यापैकी काम करतात आणि मुख्य म्हणजे माणसाला समजतात.

आता तुझं दर मिनिटाला ऑप्टिमाइझ. यार्डातला ट्रॅक्टरवाला ट्रेलर जोडून निघालाय, त्याला पाचवर न्यायचाय, अर्ध्या वाटेत स्क्रीन म्हणते आठवर ने, कारण तुझ्या हिशोबात दोन मिनिटं वाचली. तो वळवतो. परत स्क्रीन म्हणते पाच. तिसऱ्यांदा तो टॅबलेट सीटखाली टाकतो आणि रेडिओवर विचारतो. म्हणून जे काम कुणीतरी हातात घेतलंय ते गोठव, पुढची पंधरावीस मिनिटंही सहसा हलवू नकोस, आणि प्लॅन बदलायचाच तर फायदा अमुक मिनिटांपेक्षा जास्त असेल तरच. सुपरवायझरला कधीही बदलता आलं पाहिजे आणि बदलताना कारण एका बोटाने निवडता आलं पाहिजे. ही कारणं साठव. महिन्याभराने त्या यादीत तुला असे नियम सापडतील जे कुणी तुला सांगितले नव्हते, प्रोजेक्टमध्ये दाखवायचं तर ते दाखव, परीक्षकाला इंप्रेस व्हायचं असेल तर होईल.

प्रश्न : काम संपल्याची नोंद झाली की सॉफ्टवेअरनेच डॉकचा दिवा हिरवा करावा का?

फक्त त्या नोंदीवर, अजिबात नाही. फोर्कलिफ्ट आत असताना ट्रेलर पुढे सरकला किंवा ड्रायव्हरने गाडी काढली तर फोर्कलिफ्ट माणसासकट खाली जाते. म्हणूनच चाकाला ओंडके, डॉकचं लॉक, आतबाहेरचे लाल-हिरवे दिवे हे सगळं असतं, आणि ते लॉकच्या यंत्रणेला वायरने जोडलेलं असावं, नेटवर्कच्या भरवशावर नव्हे. सॉफ्टवेअरने लॉकची स्थिती वाचावी, 'लॉक सुटलंय आणि दार बंद आहे' असं दिसेपर्यंत ड्रायव्हरच्या फोनवर 'निघा' असा मेसेज जाऊ देऊ नये, एवढंच. आणि मेसेजमध्ये 'निघा' असं लिहूही नका, 'ऑफिसात या, कागद घ्या' असं लिहा. चाव्या ऑफिसात ठेवून घेण्याची जुनी पद्धत दिसायला गावठी वाटते, पण मला तिच्याहून साधं काही अजून सापडलेलं नाही.

प्रश्न : क्लायंटला यार्डाचा थ्रीडी नकाशा हवाय. करू का?

डेमोला करा, पैसे त्यावर मिळतात. रोजच्या वापराला यादी करा, सगळ्यात जास्त थांबलेला वर. लोक नकाशा पहिल्या आठवड्यात उघडतात, नंतर पाहुणे आले की.

प्रश्न : आमच्या डब्ल्यूएमएसमध्ये, म्हणजे वेअरहाऊसच्या आतल्या मालाच्या सॉफ्टवेअरमध्ये, डॉकचं मॉड्यूल आहेच, वेगळं यार्डचं सॉफ्टवेअर कशाला?

दिवसाला वीस-पंचवीस गाड्या असतील आणि सगळ्या लाइव्ह असतील तर नको, खरंच नको, पैसे वाचवा. ट्रेलर रात्रभर राहायला लागले, एकापेक्षा जास्त गेट झाली किंवा यार्डात स्वतःचे ट्रॅक्टर फिरायला लागले की मग लागतं, कारण डब्ल्यूएमएसचं जग डॉकच्या दाराशी संपतं, त्याला माल स्कॅन होईपर्यंत काही दिसत नाही. दोन्ही ठेवलेत तर एक ठरवून घ्या, डॉकवर आत्ता काय लागलंय हे कोण सांगणार, यार्ड की डब्ल्यूएमएस, एकच. आणि येणाऱ्या मालाची आगाऊ सूचना, जी कंपन्यांच्या सिस्टीमनी एकमेकींना कागदपत्रं पाठवायच्या दोन ठरलेल्या पद्धतींपैकी एक्स-१२ मध्ये ८५६ म्हणून येते आणि एडिफॅक्टमध्ये डेसॅडव्ह म्हणून, ती दोघांनाही द्या, पण त्यातला ट्रेलर नंबर गेटवर आलेल्याशी जुळेलच असं धरून चालू नका. न जुळणाऱ्यांसाठी एक वेगळी स्क्रीन पहिल्या दिवसापासून लागते, आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ उघडी असलेली स्क्रीन तीच होती.